घाण्याचं गाणं

"बरे आहेत," असं सौदामिनी बोलून गेली आणि नांदेडच्या त्या कॅसेटच्या दुकानात काहीच झालं नाही. पंखा फिरत होता तसा फिरत राहिला, चन्नबसप्पांनी चहाची बशी तोंडाला लावली, बाहेर वजिराबादच्या रस्त्यावर एक ऑटोवाला दुसऱ्याशी भांडत होता तो भांडतच राहिला. चन्नबसप्पांनी विचारलं होतं तेही सहजच, पाहुणं माणूस उठायला लागलं की विचारतात तसं. "आणि मॅडम, सर कसे आहेत आमचे?" तिनं पर्स खांद्याला लावली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "बरे आहेत." मग जिना उतरून ती रस्त्यावर आली, स्टँडवर गेली, लातूरची गाडी लागलीच होती, तीत खिडकीची जागाही मिळाली. लोहा मागं पडेपर्यंत ती शेजारच्या बाईच्या मांडीवरच्या पोराकडं बघत होती. त्यानंतर कधीतरी तिच्या ध्यानात आलं की आपण काय बोललो. तिच्या नवऱ्याला, अनंतरावांना जाऊन तीन वर्षं झाली होती.

माणूस खोटं बोलतो तेव्हा निदान त्याला ते माहीत तरी असतं. सौदामिनी शाळेत गाणं शिकवून पिकलेली बाई, पोरींची खोटी कारणं तिला वर्गाच्या दारातूनच कळायची. आणि आपलं मात्र तिला गाडीनं गाव सोडल्यावर कळलं. तिनं कपाळाला हात लावला. टिकली होती. अनंतराव गेल्यावर शाळेतल्या बायकाच म्हणाल्या होत्या, आता कोण पाळतंय हे, लावा तुम्ही, पोरींसमोर बरं दिसत नाही. तिलाही ते पटलं होतं. शहरात ते खपूनही गेलं. पण चन्नबसप्पांच्या समोर बसताना त्या टिकलीनं अर्धं काम केलं होतं आणि उरलेलं तिच्या जिभेनं. हे का केलं, कशासाठी, असं ती स्वतःला विचारू लागली, आणि उत्तर समोरच असल्यासारखं दिसत होतं, फार ओशाळवाणं होतं ते. पेटी. सगळ्या गाण्यांत तिची पेटी होती.

गाणी लग्नातली, हळदीची होती. भूकंपाच्या आधीच्या उन्हाळ्यात तिनं औशाकडच्या पाच बायकांना लातुरात आपल्या घरी बोलावून ती चन्नबसप्पांच्या मशीनवर ध्वनिमुद्रित करून घेतली होती. गळे त्या बायकांचे आणि पेटी हिची. कॅसेट दिवाळीत निघायची होती. पण दिवाळीच्या आधी भूकंप झाला, आणि त्या साली मराठवाड्यात हळदीची कॅसेट कोण विकणार आणि कोण घेणार. टेप चन्नबसप्पांच्या कपाटात पडून राहिली ती आता, सहा वर्षांनी बाहेर आली. तुळशीच्या लग्नाच्या आत बाजारात आणायची म्हणत होते. आज ते सगळं पक्कं करायलाच ती नांदेडला गेली होती. गाण्यांचा क्रम लागला, कव्हरवर कुठलं चित्र घ्यायचं ते ठरलं, आणि मग चन्नबसप्पांनी विचारलं, "बाया सगळ्या बऱ्या हायत ना?" तिनं हजेरी सांगावी तसं सांगून टाकलं. शिवकन्या भूकंपात गेली. नवरा त्या दिवशी कामाला इकडं नांदेडला होता म्हणून वाचला. रत्नम्मा आहे, तिचा मलप्पा गेला. बाकीच्या तिघी आहेत, नवरेही आहेत.

चन्नबसप्पांनी कप खाली ठेवला. "मग मॅडम, ते रत्नम्माबाईचं गाणं गाळावं लागतंय."

"आणि शिवकन्याचं?"

"ते राहू द्या की. अहेवपणी गेली ती. उलट चांगलंच मानतेत."

"मेलेल्या बाईचं चालतं आणि जिवंत बाईचं चालत नाही?"

"रागावू नका. आमच्या लिंगायत धर्मात तर हे बिलकुल मानू नये म्हणतेत, माझी मायसुद्धा मानत नव्हती. पर गिऱ्हाईक मानतंय त्याला काय करता? आणि दुसरं गाणं असतं तर रेटलंही असतं. घाण्याचंच हाय की ते."

ते खरं होतं. लग्नाची सुरुवात घाण्यानं होते. मुसळाला हळकुंड आणि आंब्याची पानं बांधायची, पाच सवाष्णींनी हात लावायचा, गाणं म्हणत हळद कुटायची, मग पुढचं सगळं. ज्या बाईचा नवरा गेला तिनं मुसळाला हात लावायचा नाही आणि गाण्यात आवाजही मिसळायचा नाही. रत्नम्मानं गायलं तेव्हा मलप्पा ठणठणीत होता, टेपवरच्या त्या आवाजाला अजून कुंकू आहे, असं काहीतरी सौदामिनीच्या मनात येत होतं. ते शब्दांत येण्याआधीच चन्नबसप्पांनी सरांचं विचारलं. आता गाडीच्या खिडकीला डोकं टेकून ती पुनःपुन्हा तो क्रम लावून बघत होती. आधी गाणं गाळलं, मग सरांचं विचारलं, मग ती म्हणाली बरे आहेत. म्हणजे भ्यालो आपण. रत्नम्माचा एक गळा निघाला तर एक गाणं जातं, आपण निघालो तर सगळीच जातात, एवढा हिशेब जिभेनं आपला आपण केला आणि आपल्याला विचारलंही नाही. अहमदपूरला गाडी थांबली, भजी घेऊन पोरं खिडक्यांशी आली, शेजारच्या बाईनं तिलाही एक देऊ केलं. तिनं ते घेतलं आणि खाल्लंही.

मे महिन्यातली ती दुपार तिला आठवत होती. पुढच्या खोलीच्या खिडक्यांना गाद्या टांगल्या होत्या, आवाज बाहेरचा आत येऊ नये म्हणून. पंखा बंद. बायका घामानं निथळत होत्या आणि एकमेकींना बघून हसत होत्या, आणि मशीनवाला दर वेळी, हसू नका, टेप जाते, म्हणून कळवळत होता. मलप्पा त्यांना गावाहून घेऊन आला होता. त्याला बाहेर ओट्यावर चपलांजवळ बसवलं होतं आणि खोकायचं नाही अशी ताकीद दिली होती. बिचारा तोंडाला धोतराचा सोगा लावून बसला होता. घाण्याच्या गाण्याची त्यांच्याकडची रीत अशी, की शेवटच्या ओळीत पुढं म्हणणारीनं आपल्या नवऱ्याचं नाव घ्यायचं. कॅसेटसाठी सौदामिनीनं सुचवलं होतं की नुसतं नवरदेव म्हणा, म्हणजे सगळ्यांना चालेल. रत्नम्मा हो म्हणाली. आणि गाता गाता त्या ओळीवर आली, क्षणभर थांबली, शिवकन्याकडं बघितलं आणि सणसणीत आवाजात म्हणाली, "मांडवाच्या दारी मलप्पा उभा, मी गं त्याच्या साथीला." एरवी ज्याला अहो आणि ऐकलं का यापलीकडं हाक नाही त्याचं नाव सगळ्या खोलीभर झालं. गाद्यांच्या फटीतून ते बाहेरही गेलं असणार. दार उघडलं तेव्हा ओट्यावर नुसत्या चपला होत्या, मलप्पा लाजून चहाला निघून गेला होता. अनंतराव तेव्हा आतून आले, खांद्यावर टॉवेल, आणि म्हणाले, "झालं का तुमचं? मला प्रमेय शिकवायचंय इथं." त्यांचा पहिला क्लास त्याच खोलीत भरायचा.

आज त्या खोलीत दोन फळ्या मारून तीन भाग केले आहेत आणि प्रत्येकात दोन कॉट आहेत. भूकंपानंतर लातूर जे वाढलं ते शिकवण्यांनी वाढलं. देवणीच्या, शिरूर अनंतपाळच्या, भोकरच्या पोरी वळकट्या आणि स्टोव्ह घेऊन येऊ लागल्या, चौकाचौकांत पहिल्या आलेल्यांचे चेहरे झळकू लागले, आणि पडलेल्या गावांची नावं जाऊन हे शहर गुणांसाठी ओळखलं जाऊ लागलं. अनंतराव गणिताचे सर. सकाळची तुकडी, दुपारची तुकडी, रात्री घरी शंका विचारायला येणाऱ्या पोरी. नांदेडच्या चन्नबसप्पांचा मुलगाही आधीच्या एका साली बारावीला त्यांच्याकडंच होता, मग पुढं शिकायला बाहेर गेला. एका संध्याकाळी सरांच्या छातीत दुखलं, दवाखान्यात नेलं आणि तासाभरात ते गेले. दुसऱ्या दिवशी बारावीचा गणिताचा पेपर होता. सौदामिनी दवाखान्यातून कपडे न्यायला घरी आली तेव्हा वर भाड्यानं राहणाऱ्या पोरी जिन्यात उभ्या होत्या, वह्या उराशी धरून. "बाई, सर कसे आहेत?" ती म्हणाली, "बरे आहेत. वर जा, अभ्यास करा." सगळं दिराच्या घरून उरकायचं ठरलं, आणि तिनं नातेवाइकांना बजावलं की आमच्या गल्लीत कुणी रडत यायचं नाही, पोरींचं वर्ष जाईल. सर असते तर तेही हेच म्हणाले असते असं तिला वाटलं आणि अजून वाटतं. पोरी पेपर देऊन आल्या, मग त्यांना दिरानं सांगितलं, मग त्या खूप रडल्या. सौदामिनी त्यांना पाणी देत होती. तिची रडायची वेळ कुठंतरी होऊन गेली होती, ती तिला नंतर सापडलीच नाही. त्यानंतर ज्याला त्याला दुसऱ्याच कुणीतरी सांगितलं होतं, शाळेत हेडबाईंनी, बँकेत दिरानं, दूधवाल्याला शेजारणीनं. वारले हा शब्द तिच्या तोंडून एकदाही निघालेला नव्हता, हे तिला चाकूरच्या पुढं, गाडी खड्ड्यातून हिसकली तेव्हा प्रथमच जाणवलं.

रत्नम्माला निरोप धाडता आला असता. पण दुसऱ्या दिवशी सौदामिनी छोटा टेपरेकॉर्डर आणि चन्नबसप्पांनी दिलेली नमुन्याची कॅसेट पिशवीत घालून स्वतः निघाली, औशाच्या पुढं, पुनर्वसनाच्या नव्या गावाला. जुनं गाव तसंच बाभळींत सोडलेलं आहे. नवं गाव आखीव आहे, रस्ते इतके रुंद की या घरची हाक त्या घरी पोचत नाही, आणि घरं सगळी सारखी. भूकंपानंतर अनंतराव कॉलेजातल्या पोरांना घेऊन जुन्या गावात मदतीला गेले होते, परत आल्यावर हातपाय न धुता तसेच बसून राहिले होते आणि नुसतं म्हणाले होते, "तुझी शिवकन्या." तिनं तेव्हा पुढं काही विचारलं नव्हतं.

रत्नम्मा ओट्यावर तूर निवडत बसली होती. मुलगा पुण्याला, सून त्याच्याबरोबर, घरात ही एकटी. "या बाई, या की. उन्हाचं कशाला आलाव? बसा. पानी आनते." पाणी दिलं आणि समोर बसली. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. "निगाली का हो आपली क्यासेट?"

बाईनं अख्ख्या आळीला सांगून ठेवलेलं दिसत होतं. शेजारची पार्वतम्मा कुंपणावरून वाकून म्हणालीसुद्धा, "आता रत्नक्काचा आवाज मांडवात वाजनार बगा."

"लग्नाला बोलावतात का तुला?" सौदामिनीनं विचारलं.

"जेवायला बोलवतेत की. घान्याला न्हाई." रत्नम्मा सुपावरून हात फिरवत राहिली. "त्या पलीकडच्या आळीत घाना असला की मी हितंच बसते. माईक लावतेत, ऐकू येतंय. नव्या पोरी गाऊ लालेत, पर शब्द इकडचे तिकडं करतेत, चाल मदीच सोडतेत. लई वाटतंय उठून जावं, सांगावं, आसं न्हाई गं, आसं. पर कसं जावं? म्हनून म्हनलं, आपुन न्हाई गेलो तर न्हाई. आवाज जाईल की."

सौदामिनी सांगायचं ते सांगू शकेना. पिशवीतून तिनं टेपरेकॉर्डर काढला आणि गाणं लावलं. रत्नम्मानं ते कधी ऐकलं नव्हतं. मुसळाचा ठेका, पेटी, आणि मग तिचा सहा वर्षांपूर्वीचा मोकळा आवाज. रत्नम्मा आधी हसली, मग तिनं सूप बाजूला ठेवलं. शेवटची ओळ आली, मधली ती क्षणाची शांतता आली, आणि मलप्पाचं नाव ओट्यावर आलं. तिनं दोन्ही हात मांडीवर गच्च धरले.

"आनकी एकदा लावा."

सौदामिनीनं पुन्हा लावलं.

"गाडीत सगळ्या वाटंनं बोलला न्हाई माझ्यासंगं," रत्नम्मा म्हणाली. "गाव आलं, उतरलो, तवा म्हनला, लई जोरात घेतलंस की नाव. मी म्हनलं, मग? म्हनला, न्हाई, बरं वाटलं." तिनं सूप परत जवळ ओढलं. "त्यानंतर न्हाई घेतलं. कुटं घ्यावं?"

मग सौदामिनीनं सांगितलं. जेवढं हळू सांगता येईल तेवढं हळू, चन्नबसप्पांची बाजूही सांगितली, गिऱ्हाइकाची सांगितली. रत्नम्मानं कुंपणाकडं बघून आवाज खाली आणला. "हाव. बराबर हाय त्यांचं. कुनाच्या पोरीचं वंगाळ व्हायला नको." जरा वेळानं म्हणाली, "शिवकन्याचं ठिवलं का?"

"ठेवलं."

"बरं झालं. लई गोड गळा होता तिचा." आणि मग एकदम तिच्या चेहऱ्यावर काळजी आली. ती पुढं सरकली, सौदामिनीच्या गुडघ्यावर हात ठेवला. "आन तुमची पेटी वं, बाई? ती ठिवली का?"

"ठेवली."

"सरांचं कळलं न्हाई त्यास्नी?"

सौदामिनीनं मान हलवली.

"मग सांगू नका," रत्नम्मा कुजबुजली. "बिलकुल सांगू नका. कुनी इचारलं तर मी पन सांगनार न्हाई. एकीचं गेलं ते बास झालं."

तिच्या बोलण्यात टोमणा असता तर सौदामिनीला सोपं गेलं असतं. तो नव्हता. गुडघ्यावरचा हात नुसता खरबरीत आणि गरम होता. निघताना सौदामिनीनं टेपरेकॉर्डर आणि आतली कॅसेट तिथंच ठेवली, आणि पार्वतम्मा कुंपणावरून काय झालं विचारत होती तिला रत्नम्मा सांगत होती, निगनार हाय, निगनार हाय, थोडा येळ लागतोय.

औशाच्या स्टँडवर उतरल्यावर समोरच फोनचं बूथ होतं. लातूरची गाडी उभी होती, ती तिनं जाऊ दिली. नांदेडचा नंबर लागला.

"बोला मॅडम," चन्नबसप्पा खुशीत होते. "काढलं बगा ते. आता शिवकन्याचंच पहिलं घेतलंय, झकास वाटतंय."

"सर नाहीत," ती म्हणाली.

"कुठं गेलेत?"

"आमचे सर. परवा तुम्ही विचारलंत." परवा नाही, कालच, हे तिला माहीत होतं, पण शब्द कसेही येत होते. "तीन वर्षं झाली. ते वारले."

पलीकडं दुकानातल्या कुठल्यातरी गाण्याचा आवाज येत होता, तो बंद झाला.

"सगळ्या गाण्यांत पेटी माझी आहे," ती म्हणाली. "गाळायचं तर तीही गाळावी लागेल."

"पेटी कशी गाळता येईल मॅडम? ती काय येगळी निगती का?"

"नाही निघत. म्हणून म्हणते, रत्नम्माचं ठेवा. नाहीतर कुठलंच काढू नका."

"कॅसेटचं बगू हो नंतर," चन्नबसप्पा म्हणाले, आणि त्या बगूवरून तिला कळलं की आता ती निघणार नाही. रत्नम्माचं नाही आणि शिवकन्याचंही नाही. शिवकन्याचा गळा पुन्हा कपाटात जाणार होता, आणि तो तिनं स्वतःच्या हातानं तिथं ठेवला होता. मेलेल्या बाईला विचारायची सोय नव्हती. "पर मॅडम, तुमी हे मला सांगायलाच नको होतं. मला कोन सांगनार होतं? काल रात्री पोराला फोनवर सांगितलं मी. म्हनलं, तुझ्या सरांच्या मॅडम आल्त्या, सर मजेत हायत. लई खूश झालं हो पोरगं. म्हनलं, दिवाळीत आलो की जातो, पाया पडतो." त्यांचा आवाज फाटला. "अरे देवा. सर गेले का हो."

कितीतरी दिवसांत कुणी अनंतरावांसाठी असं, नुकतं कळल्यासारखं, रडलं नव्हतं. रिसीव्हर कानाला धरून ती ऐकत राहिली आणि तिला वाटायला लागलं की परवा नाही, काल, त्या दुकानात आपण पेटीसाठी बोललोच नव्हतो. एका माणसाला सर गेल्याचं माहीत नव्हतं, एवढंच झालं होतं. जगात तेवढी एक जागा अजून उरलेली होती, आणि तिला तिथून सरांना उठवावंसं वाटलं नव्हतं. कालपासून नांदेडातल्या एका घरात आणि एका पोराच्या दिवाळीत अनंतराव मजेत होते, टॉवेल खांद्यावर टाकून हिंडत होते. आता तिनं तेही घर मोकळं केलं होतं. दुसरं कुणी सांगितलं नाही, या वेळी तीच बोलली होती.

"मॅडम, हायत का?" पलीकडून चन्नबसप्पा विचारत होते. बूथवाला काचेवर टकटक करून मागं लोक थांबलेत म्हणून खुणावत होता. सौदामिनीला त्या दोघांनाही उत्तर द्यायचं होतं, पण तोंड उघडलं तेव्हा तिच्यातून नुसतं रडणंच बाहेर आलं, मोठ्यानं, आवरता न येणारं, आणि ती भर दुपारी औशाच्या स्टँडवर, माणसांच्या देखत, नवऱ्यासाठी रडली.